आमचं 'हाकु' आणि त्यांचं 'हाकु'

इंग्रजीत 'वेअर' हे एक क्रियापद पाठ केलं की माणूस नखशिखान्त सजून घराबाहेर पडू शकतो. टोपी, चष्मा, सदरा, विजार, मोजे, बूट, अंगठी, अत्तर, सगळं तो 'वेअर' करतो. इंग्रज दाढीसुद्धा 'वेअर' करतो आणि चेहऱ्यावरचं हसूही. एका शब्दात एवढा मोठा कपाटभर संसार मावलेला दुसरीकडे क्वचितच दिसेल.

हाच माणूस जपानी शिकायला बसला की पहिल्या काही धड्यांतच त्याचं हे कपाट रिकामं होतं. सदरा घालायचा तर 'किरु'. विजार घालायची तर 'हाकु'. टोपी असेल तर 'काबुरु', चष्मा असेल तर 'काकेरु', टाय असेल तर 'शिमेरु', अंगठी असेल तर 'हामेरु', कोटावर बिल्ला लावायचा तर 'त्सुकेरु', गळ्याला मफलर गुंडाळायचा तर 'माकु'. यांतल्या टाय, अंगठी, घड्याळ अशा किरकोळ गोष्टींना नुसतं 'सुरु', म्हणजे 'करणे', म्हटलं तरी चालतं, एवढीच काय ती सवलत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या जपानी शिकते आहे. आई धारवाडकडची, वडील खानापूरकडचे. घरात दोन्ही भाषा एकाच ताटात. मी जपानीचा पंडित नव्हे, भाषांच्या नादापायी हौसेनं थोडीफार शिकलेला. तरी अडलं की ती मला फोन करते. परवा म्हणाली, ''सर, इंग्रजीत एकच शब्द आहे. ह्या लोकांना इतके कशाला लागतात?'' मी तिला उलट विचारलं, ''तुझी आजी इरकल घालते का गं?'' ती हसली. ''घालते कशी? नेसते!''

झालं. तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिनंच दिलं होतं.

जपानी शिकताना आपली मुलं एक विचित्र वळसा घेतात. पुस्तकं इंग्रजीतून, अर्थ इंग्रजीत, म्हणून डोक्यातही आधी 'वेअर' येतो आणि मग त्याचे आठ तुकडे करावे लागतात. घरातूनच थेट निघालं तर तुकडे आधीच केलेले सापडतात. आपल्याकडे साडी नेसतात, धोतर नेसतात, सोवळं नेसतात. शाल पांघरतात. फेटा बांधतात. गजरा माळतात. बांगड्या भरतात. कुंकू लावतात. कन्नडातही तेच. 'सीरे' असेल तर 'उडु', अंगी-कुबसा असेल तर 'तोडु', फूल असेल तर 'मुडि', चादर असेल तर 'होद्दुको', रुमाल डोक्याला असेल तर 'सुत्तु', ताळी असेल तर 'कट्टु'. पोशाखाला कन्नडात 'उडुगे-तोडुगे' असा जोडशब्द आहे. तो म्हणजे ह्या दोन क्रियापदांचंच लग्न. जे गुंडाळायचं ते उडुगे, जे अंगात चढवायचं ते तोडुगे.

पण आपली वाटणी आणि जपान्यांची वाटणी एकाच रेषेवर होत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे.

मराठी विचारते, कापड शिवलेलं आहे की बिनशिवलेलं? बिनशिवलेलं आणि कमरेभोवती गुंडाळायचं असेल तर नेसायचं. शिवलेलं असेल तर घालायचं. 'घालणे' म्हणजे मुळात आत टाकणे. आमटीत मीठ घालतो तसेच सदऱ्यात हात घालतो. कन्नड 'उडु' आणि 'तोडु' हेही साधारण हाच प्रश्न विचारतात. जपानीला शिलाईशी कर्तव्य नाही. ती विचारते, अंगाच्या कुठल्या भागावर? धडावर किंवा सबंध अंगावर जे येतं ते 'किरु'. कमरेखाली जे पायांतून वर चढतं ते 'हाकु': विजार, घागरा, मोजे, बूट, चपला, सगळं. डोक्यावरून खाली येतं ते 'काबुरु'. म्हणून आपल्याला वेगळी वाटणारी विजार आणि चप्पल तिकडे सख्ख्या बहिणी आहेत, आणि आपल्याला सख्खे वाटणारे सदरा आणि विजार वेगळ्या घरचे.

मग मराठीत अंगाच्या भागाचा विचारच नाही का? आहे, पण तो क्रियापदात नसून नामाला चिकटलेला आहे. पायात चप्पल घाल. अंगात सदरा घाल. डोक्यावर टोपी घाल. बोटात अंगठी घाल. आपण 'पायात', 'अंगात', 'बोटात' असं सांगून मोकळे होतो. जपानी माणूस ते सगळं क्रियापदातच बांधून टाकतो. 'हाकु' म्हटलं की 'पायात' वेगळं म्हणावं लागत नाही.

कन्नड बोलणाऱ्यांची ह्या 'हाकु'पाशी हमखास फसगत होते. आपल्याकडे कन्नडात रोजच्या बोलण्यात सगळ्यालाच 'हाकु'. अंगी हाक्को, टोपी हाक्को, चष्मा हाक्को, चप्पल हाक्को. त्यामुळे जपानी 'हाकु' भेटला की जुना मित्र भेटल्यासारखं वाटतं. त्याचा 'हा' आपल्यापेक्षा जरा आखूड, बाकी तोच. आणि मग विद्यार्थी बिनधास्त सदऱ्यालाही 'हाकु' लावतात, टोपीलाही लावतात. ऐकणाऱ्या जपान्याच्या डोळ्यांपुढे सदऱ्याच्या बाह्यांत पाय खुपसलेला माणूस उभा राहतो! मैत्री खरी धरावी, पण ती कमरेखालचीच आहे हे विसरू नये. (ह्याच उच्चाराच्या दुसऱ्या एका 'हाकु'चा अर्थ झाडणे आणि तिसऱ्याचा अर्थ ओकणे असा आहे. लिहिताना चिन्हं वेगळी असतात, म्हणून बरं.)

'किरु'चीही एक खोडी आहे. 'किरु' म्हणजे अंगात घालणे, आणि दुसरा 'किरु' म्हणजे कापणे. विनंती करताना घालण्याचं रूप 'किते' होतं आणि कापण्याचं 'कित्ते'. एक त जास्त पडला की 'किमोनो घाला'चं 'किमोनो कापा' होतं. किमोनो हा शब्द तरी काय, 'किरु'मधला 'कि' आणि 'मोनो' म्हणजे वस्तू. अंगावर घालायची वस्तू, बस्स. जगभर गाजलेल्या त्या राजस पोशाखाचं नाव इतकं साधं आहे. पायात घालायच्या वस्तूला त्याच न्यायानं 'हाकिमोनो' म्हणतात.

ह्या दोघांवरून जपानी शाळांतून एक जुना विनोद सांगतात. एखाद्या दारावर नुसत्या अक्षरलिपीत, चित्रलिपी न वापरता, पाटी आहे: कोकोदेहाकिमोनोओनुइदेकुदासाइ. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. 'कोकोदे हाकिमोनो' असं तोडलं तर अर्थ होतो, इथे पादत्राणं काढावीत. पण 'हा' हे अक्षर प्रत्यय म्हणून आलं की त्याचा उच्चार 'वा' होतो. म्हणून 'कोकोदेवा किमोनो' असंही वाचता येतं, आणि मग अर्थ होतो, इथे किमोनो काढावा. देवळाच्या पायरीवर उभ्या राहिलेल्या पाहुण्यानं काय करावं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

काढण्याचं निघालंच आहे तर तेही सांगतो. मराठीत 'काढणे' सगळ्यांना पुरतं. नेसलेलं मात्र सोडायचं किंवा फेडायचं असतं. जपानीत 'किरु', 'हाकु' आणि 'काबुरु' ह्या तिघांना मिळून 'नुगु' हे एकच क्रियापद आहे. म्हणजे चढवताना तीन वाटा, उतरवताना एक. चष्मा, अंगठी, घड्याळ यांना मात्र 'नुगु' चालत नाही. त्यांना 'हाझुसु', म्हणजे अडकलेलं सोडवणे. अंग झाकणारं कापड निराळं आणि अंगावर अडकवलेली वस्तू निराळी, असा त्यांचा हिशेब.

आता 'काकेरु'. चष्म्याला हे क्रियापद का, असं विचारून विद्यार्थी हैराण होतात, कारण इंग्रजी पुस्तकात त्याच्यापुढे टांगणे, ओतणे, बसणे असे अर्धं पान अर्थ दिलेले असतात. मराठी माणसानं पान उलटायचीसुद्धा गरज नाही. फोन 'काकेरु' करतात, आपण फोन लावतो. कुलूप 'काकेरु' करतात, आपण कुलूप लावतो. गाण्याची तबकडी 'काकेरु' करतात, आपण गाणी लावतो. चष्मा 'काकेरु' करतात, आपण चष्मा लावतो. आणि जिथे आपलं 'लावणे' उरतं तिथे दुसरा भाऊ 'त्सुकेरु' उभा असतो: दिवा लावणे, टीव्ही लावणे, औषध लावणे, बिल्ला लावणे. आमच्या भागात कन्नडात जे 'हच्चु' म्हणतात, फोन हच्चु, दीपा हच्चु, कुंकुमा हच्चु, तेही ह्याच पंगतीतलं. मराठीच्या एका 'लावणे'मध्ये ह्या दोन जपानी शब्दांची बरीचशी कामं बसतात. हे माझ्या विद्यार्थिनीला सांगितलं तेव्हा तिनं फोनवरच ''अय्यो, इष्टेना!'' म्हटलं.

'काबुरु'ची कथा वेगळी. डोक्यावरून घेणे हा त्याचा गाभा. टोपी घेता येते, पाणी डोक्यावरून घेता येतं, धूळ घेता येते, दुसऱ्याचा दोषही डोक्यावर घेता येतो. आणि मांजरही! 'नेको ओ काबुरु', म्हणजे मांजर पांघरणे, असा वाक्प्रचार आहे. आतून खट्याळ पण चारचौघांत अगदी गरीब गाय होऊन बसणाऱ्या माणसाबद्दल तो वापरतात. आपल्याकडे टोपी घातली तर फसवाफसवी होते, आणि मराठी 'टोपी घालणे' व कन्नड 'टोपी हाकु' यांत तसूभर फरक नाही. जपानी टोपी बापडी निरुपद्रवी आहे.

जुन्या वस्तू आणि नवे शब्द यांचंही एक शास्त्र दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये विलायती कपडे आले. १८७१ मध्ये सरकारनं शेंडीसारखी बांधलेली केसांची गाठ सोडायला आणि कमरेची तलवार न बाळगता फिरायला मोकळीक दिली. कपडे नवे आले, पण क्रियापदं जुनीच राहिली. 'हाकामा' नावाचा घोळदार अधरीय पोशाख आधीपासून 'हाकु' करत होते, म्हणून विजारही त्याच रांगेत गेली. किमोनोवरचा 'ओबी' हा पट्टा आवळून बांधतात, त्याला 'शिमेरु'. म्हणून टायही 'शिमेरु' आणि मोटारीतला पट्टाही 'शिमेरु'. तलवारीचं तर पाहण्यासारखं होतं. कमरेला टांगायची जुन्या घाटाची लांब 'ताची' असेल तर 'हाकु', आणि ओबीत खोचायची 'काताना' असेल तर 'सासु'. डोक्यावर छत्री उघडून धरतात तिलाही 'सासु'च म्हणतात. केसांत फूल खोवायला जुन्या जपानीत 'काझासु' असं वेगळं क्रियापद होतं, म्हणजे 'माळणे' आणि 'मुडि' यांना तिथेही एक भावंड होतं. आजच्या बोलण्यात ते त्या अर्थानं फारसं ऐकू येत नाही.

आणि प्रांताप्रांतानं बदल तर आहेतच. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. प्रमाण जपानीत हातमोजे 'हामेरु' किंवा 'सुरु'. पण उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर लोक हातमोजेसुद्धा 'हाकु' करतात. तोक्योचा माणूस त्यांना हसतो. बेळगावच्या 'येऊलाय, जाऊलाय'ला पुण्यात हसतात तसंच.

पाट्यांची भाषा मात्र सगळीकडे सारखीच कोरडी. 'किरु, हाकु, काबुरु' हे अस्सल देशी शब्द. सरकारी सूचनेत ते नसतात. तिथे चिनी घडणीचा 'चाकुयो' येतो. शिरस्त्राण, मोटारीचा पट्टा, मुखपट्टी, सगळ्यांना 'चाकुयो'. आपल्याकडे घरात चष्मा लावतात, साडी नेसतात. समारंभाच्या वृत्तान्तात मात्र सगळे 'परिधान' करतात. कन्नड पाटीवर 'धरिसि' असतं. २०२० साली मुखपट्टी आली तेव्हा आपण मराठीत 'मास्क लावा' म्हणालो आणि कन्नडात 'मास्क हाक्कोळ्ळि'. सरकारनं सांगण्याआधीच लोकांनी क्रियापदं ठरवून टाकली होती. जपान्यांनी मास्कला 'सुरु' किंवा 'त्सुकेरु' आधीच दिलं होतं, कारण तो त्यांच्याकडे जुनाच.

शब्द निवडला तरी एक अडचण उरते, ती काळाची. 'तो लाल सदरा घालतो आहे' आणि 'त्यानं लाल सदरा घातला आहे' ही दोन निराळी दृश्यं आहेत. पहिल्यात हात अजून बाहीत आहे. दुसऱ्यात बटणं लावून तो उभा आहे. इंग्रजीतून शिकणारा 'इज वेअरिंग' ऐकून पहिल्या दृश्याकडे धावतो. जपानी 'किते इरु' मात्र बहुतेक वेळा दुसरं दृश्य आहे. सदरा अंगात आहे, घातलाय. बेळगावी भाषेत 'घालूलाय' नव्हे, 'घातलाय'. कन्नडात 'अंगी हाक्कोंडान'. हे रूप सोडवलं तर 'हाकिकोंडु इद्दाने', घालून आहे. 'किते'म्हणजे घालून, 'इरु' म्हणजे असणे. आणि कन्नडातही असण्याचं मूळ क्रियापद 'इरु'च! इतकं जुळलेलं पाहून कुणालाही वाटेल की हे दोघे नक्की नातलग. सुसुमु ओनो ह्या जपानी अभ्यासकानं जपानी आणि तमिळ यांचं नातं असल्याचा सिद्धान्त हिरिरीनं मांडलाही होता. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी तो मानला नाही. ह्या 'इरु'पुरतं सांगायचं तर जुन्या जपानीत तो 'विरु' होता आणि त्याचा अर्थ होता बसणे. नातं नाही, नुसता योगायोग. पण पाठांतराला योगायोगही चालतो.

हे सगळं कशासाठी, असं कुणी म्हणेल. पुण्यात जपानीचे वर्ग जुने आहेत, बंगळुरातही भरपूर आहेत. १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नावाची जोड घेऊन १९९७ मध्ये टोयोटा बिडदीला आली, तेव्हापासून आपल्या भागातही जपानीची विचारपूस सुरू झाली. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला, आणि त्यातल्या क्षेत्रांत वृद्धांची शुश्रूषा आहे. माझी विद्यार्थिनी त्याच वाटेवर आहे. तिला 'किरु' पुरणार नाही. तिला लागणार आहे 'किसेरु', म्हणजे दुसऱ्याला कपडा घालणे.

इथे पुन्हा घरचं मराठी मदतीला येतं. 'किरु'पासून 'किसेरु', तसं 'नेसणे'पासून 'नेसवणे'. मराठीनं ह्यात एक बारीक खूण ठेवली आहे. 'ती साडी नेसली' म्हणतो, 'तिनं साडी नेसली' म्हणत नाही. पण 'तिनं गौरीला साडी नेसवली' म्हणतो. स्वतःच्या अंगावर घेतलं की 'ती', दुसऱ्याच्या अंगावर चढवलं की 'तिनं'. कन्नड हेच काम 'को'नं करते. 'हाक्को' म्हणजे स्वतःला, नुसतं 'हाकु' म्हणजे दुसऱ्याला. हल्ली आमच्या वर्गात मुली सर्रास 'साडी घातली' म्हणतात आणि घरी 'सीरे हाक्कोंडे' म्हणतात. ज्या मुलीच्या तोंडी 'नेसवणे' नाही तिला 'किसेरु' नव्यानं, परक्या घरातून उचलून आणावा लागतो, हे मला जास्त खटकतं. व्याकरणाचा नियम एक वेळ वर्गात शिकवता येतो. गौरीपुढे आजी कुणाला तरी ''तू नेसव गं'' म्हणते, ते वर्गात आणता येत नाही.

शुश्रूषेच्या जपानी पुस्तकांत चार चित्रलिपी-अक्षरांचं एक सूत्र असतं, 'दाक्केन चाक्कान'. उतरवताना धडधाकट बाजूपासून, चढवताना दुखऱ्या बाजूपासून. पक्षाघातानं डावा हात लुळा पडलेल्या आजोबांचा सदरा काढायचा तर आधी उजवी बाही सोडवायची. घालताना आधी डावी बाही चढवायची. म्हणजे दुखरा हात मागे ओढावा लागत नाही. माझ्या विद्यार्थिनीनं हे सूत्र मला ऐकवलं आणि म्हणाली, ''सर, अज्जाला आई असंच घालायची. तिला कुणी शिकवलं असेल?''

तिची पुढची शंका अवघड होती. आजोबांना सदरा घालताना ''मी घालून देते'' असं म्हणावं का? मराठीत ते प्रेमाचं आहे. जपानीत 'किसेते आगेरु' हे लेकराला म्हटलेलं शोभतं. वडीलधाऱ्यांना तोंडावर म्हटलं तर उपकार बोलून दाखवल्यासारखं होतं. तिथे ''हातभार लावते'' अशा अर्थाचं नम्र वाक्य वापरायला शिकवतात. दोष 'किसेरु'चा नाही, शेपटीच्या 'आगेरु'चा, म्हणजे 'देणे'चा. कारण जपानीत मी तुला दिलं तर 'आगेरु' आणि तू मला दिलंस तर 'कुरेरु'. देणाऱ्याचं तोंड कुणीकडे आहे ते पाहून शब्द बदलतो. आपल्या मल्याळी शेजाऱ्यांकडे असाच एक भेद अजून जिवंत आहे, आणि कन्नडातलं 'तरु' म्हणजे आणणे हे त्याच घरातून आलेलं आहे. पण ह्या देण्याघेण्याला एक आख्खा रकाना लागेल. तो पुढच्या आठवड्यात.